पस्तीस मिनिटांचा तास आणि इंटरनेट

शाळेत स्मार्ट टीव्ही आला की पहिले पंधरा दिवस मुलं खूश, मुख्याध्यापक खूश, लोकवर्गणी देणारे गावकरीही खूश. दोन महिन्यांनी टीव्हीवर कापडी कव्हर चढतं आणि वर खडूची धूळ बसते. आपण 'प्रकाशाचे अपवर्तन' शोधतो, अठरा मिनिटांचा व्हिडिओ सापडतो, मध्ये दोन जाहिराती येतात, आणि व्हिडिओतले सर जे सांगतात ते आपण फळ्यावर त्याहून बरं सांगितलं असतं. मुलं शांत बसलेली असतात, म्हणून तास चांगला झाला असं वाटतं. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला की कळतं, काहीच उरलेलं नाही.

मी आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवतो. बरेच तास असे वाया घालवल्यावर एक पद्धत बसली आहे, ती इथे क्रमानं लिहितो. तिचा गाभा एवढाच, की मुलांच्या वहीत आधी अंदाज लिहिलेला हवा, पडदा त्यानंतर उघडायचा. आणि फळ्यावर, टेबलावर किंवा मैदानात जे होतं त्यासाठी पडदा लागत नाही.

टाचण काढताना ठरवायचं

घटकाचं टाचण, म्हणजे शिकवण्याचा लेखी आराखडा, काढतानाच एक प्रश्न स्वतःला विचारा: यातलं मुलांना डोळ्यांनी काय दिसत नाही? तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन दिसत नाहीत. वर्तुळावरचा बिंदू सरकवला की कोनाचं काय होतं, हे फळ्यावर दहा आकृत्या काढल्याशिवाय दिसत नाही. गुरूचे चंद्र दिवसा दिसत नाहीत. तिथे नेट कामाचं.

उलट हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो. याचा व्हिडिओ दाखवणं म्हणजे वाढलेलं ताट बाजूला सारून जेवणाचा फोटो बघणं. दोऱ्याला दगड बांधून लंबक होतो. बहिर्वक्र भिंगानं खिडकीची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते, आणि ती पहिल्यांदा पडते तेव्हा नववीतली मुलंही 'ओ' करतात. तो 'ओ' पडद्यावर मिळत नाही. भिंग आधी हातात, किरणाकृती नंतर पडद्यावर.

हाताने करायच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ तुम्हाला माहीत असेलच. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्रिकोण, घन, चतुष्फलक करून दाखवणारी त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ तिथे मोफत आहेत, मराठीतही आहेत. हे आदल्या रात्री आपण बघायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलांकडून करून घ्यायचं.

शोधताना शब्द कुठला?

मराठीत शोधलं की कमी सापडतं, हे खरं. पण बऱ्याचदा शब्दच चुकतो. आपल्या पुस्तकात 'अपवर्तन' आहे. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच लेखांत तेच 'वक्रीभवन' आहे. दोन्ही टाकून बघा. नेमका पारिभाषिक शब्द हवा असेल तर शासनाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही ऑनलाइन आहेत. सेमीचा वर्ग असेल तर दोन भाषांतल्या संज्ञांची जोडी फळ्याच्या कोपऱ्यात तासभर राहू द्या: वेग आणि व्हेलॉसिटी, चाल आणि स्पीड, रोध आणि रेझिस्टन्स. आमच्याकडे 'वेग' आणि 'चाल' यांतला गोंधळ दहावीपर्यंत पुरतो.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात ई-बालभारतीवर मिळतात. धड्यांतले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने उघडतात. तिथलं सगळंच चांगलं नाही, पण धड्याशी जुळणारं असतं, म्हणून आधी तिथे डोकवावं. सी-डॅक आणि अमृता विश्वविद्यापीठ यांच्या ओलॅब्स या ऑनलाइन प्रयोगशाळेत नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. ते केंद्रीय अभ्यासक्रमावर बेतलेले असल्यामुळे आपल्या पुस्तकाशी ताडून घ्यावे लागतात.

व्हिडिओ निवडलाच तर तो स्वतः पूर्ण, शेवटपर्यंत बघा. 'पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा' असं बिनधास्त सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, तेव्हा आपण स्वेटर घालून परिपाठाला उभे असतो.

आदल्या संध्याकाळी

शाळेत रेंज असेल, लाईट असेल, यावर तास उभा करू नये. पुढची कामं घरीच उरकावीत.

सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारा आभासी प्रयोग, उतरवून घ्या. 'फेट' नावाचा संच (इंग्रजीत पी-एच-ई-टी लिहून शोधा) अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकीचं नोबेल मिळालं होतं, तेही आपल्या सत्येंद्रनाथ बोसांचं नाव ज्याला आहे त्या बोस-आइनस्टाइन संघननाच्या प्रयोगासाठी. यातली बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत, मोफत आहेत, आणि नव्या प्रकारचं प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरवता येतं. ती फाइल पेनड्राइव्हवर टाका, नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालते. विकिपीडिया नेटशिवाय हवा असेल तर किविक्स नावाचं मोफत अ‍ॅप बघा.

केबल तपासा. फोन किंवा लॅपटॉप टीव्हीला जोडणारी केबल कुणीतरी स्नेहसंमेलनाला नेलेली असते. स्वतःची एक घ्या, वर नाव लिहा.

व्हिडिओ दाखवणार असाल तर ऑटोप्ले बंद करा आणि शक्य असेल तर तो आधीच ऑफलाइन ठेवा. सातवीच्या वर्गात नको ती जाहिरात लागल्यावर तास पुन्हा रुळावर येत नाही.

शेवटचं, लाईट गेली तर काय, याची एक ओळ टाचणात हवी. माझी ओळ बहुधा असते: 'अंदाज वहीत लिहून झाले असतील, त्यावर चर्चा, पडदा उद्या.'

एक तास, सुरुवातीपासून

नववीचा धाराविद्युत. फळ्यावर एक घट आणि एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, दोन सारखे बल्ब काढतो. प्रश्न: कुठला बल्ब जास्त पेटेल? बोलायचं नाही, वहीत लिहायचं, शेजारी कारण. दोन मिनिटं. मग हात वर. दरवर्षी निम्म्याच्या आसपास हात 'पहिला' म्हणतात. कारण ठरलेलं: 'सर, पहिल्या बल्बने थोडा करंट खाल्ला, उरलेला दुसऱ्याला.'

इथे लगेच 'चूक' म्हणायचं नाही. पडद्यावर विद्युत परिपथ जोडण्याचं फेटचं सिम्युलेशन उघडायचं. माऊस आपल्या हातात ठेवायचा नाही, तो शेवटच्या बाकावरच्या मुलाला द्यायचा. तो घट, तारा, दोन बल्ब जोडतो. दोन्ही सारखेच पेटतात. मग तीन अ‍ॅमीटर: घटाजवळ, दोन बल्बच्या मधे, शेवटी. तिन्हींवर विद्युतधारेचा तोच आकडा. तारेतले इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच गतीनं सरकताना दिसतात. वर्गात कुजबुज सुरू होते, आणि आपल्याला हवी असते ती हीच. मग दुसरा प्रश्न, पुन्हा आधी वहीत: एक बल्ब काढून टाकला तर? तेच दिवे समांतर जोडणीत असले तर?

पडदा दहा-बारा मिनिटांत बंद. उरलेल्या वेळात दोन खरे टॉर्चचे बल्ब, सेल, तारा. आता गंमत होते. खऱ्या बल्बांत एक जरा मंद निघतो, कारण कारखान्यातून आलेले बल्ब तंतोतंत सारखे नसतात. 'सर, पडद्यावर तर सारखे होते!' मग बल्बांची अदलाबदल करून बघायची. मंदपणा जागेला चिकटलेला आहे की बल्बला? हे मुलांनीच शोधून काढलं पाहिजे. सिम्युलेशनमधलं जग जरा जास्तच गुळगुळीत असतं, हे मुलांना सांगितलंच पाहिजे. नाहीतर प्रयोगवहीत सगळ्यांचे आकडे पुस्तकातल्यासारखे येऊ लागतात.

भूमितीत हाच क्रम जिओजेब्रावर. साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फोनवरही चालतं. दहावीचा आंतरलिखित कोन घ्या. प्रत्येकानं वहीत ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून ८० अंशाचा कंस घ्यायचा, आणि उरलेल्या मोठ्या कंसावर कुठेही एक बिंदू घेऊन कोन मोजायचा. पंचेचाळीस मुलं, पंचेचाळीस बिंदू, सगळ्यांची मापं ३९ ते ४१ च्या मधे. हे फळ्यावर लिहून झालं की मगच पडद्यावर तोच बिंदू सरकवायचा. माप ४० वर थांबलेलं राहतं. बिंदू लहान कंसावर उडी मारतो तेव्हा एकदम १४० होतं. 'असं का?' हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि चक्रीय चौकोनाचं प्रमेय दारात येऊन उभं राहतं.

दोन सूचना. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं मोजतं, त्यामुळे बिंदू उलट्या क्रमानं निवडले तर ४० ऐवजी ३२० दिसतात, आणि सरळ क्रमानं निवडले तरी लहान कंसावर १४० ऐवजी २२०. कोनाच्या गुणधर्मांत ० ते १८० अंश निवडा आणि भर वर्गात गडबडून जाऊ नका. दुसरी जास्त महत्त्वाची: सरकवून दिसलं म्हणजे सिद्ध झालं नाही. सिद्धता फळ्यावर, खडूनं. पडद्यानं फक्त ती सिद्ध करावीशी वाटायला लावली.

आकडे गावाकडचे घ्या

माझ्या मते इंटरनेटचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग हा आहे. पुस्तकातली 'एका टाकीला दोन नळ आहेत' ही टाकी कुणाच्याच गावात नसते. धरण मात्र असतं. पावसाळ्यात जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज जाहीर करतो, आणि साताऱ्या-सांगलीकडच्या मुलाला टीएमसी आणि क्युसेक हे शब्द आजोबांच्या तोंडून पाठ असतात. अर्थ विचारा, कुणाला सांगता येत नाही.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद. म्हणजे एक लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं तर ८.६४ टीएमसी. आता गणित: कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, साठा ८० टीएमसी, आवक ५०,००० क्युसेक, विसर्ग १०,०००. धरण किती दिवसांत भरेल? निव्वळ आवक ४०,००० क्युसेक, दिवसाला ३.४५६ टीएमसी, उरलेली जागा २५.२५ टीएमसी. उत्तर सात दिवस आणि वर काही तास. मग त्या दिवसाचे खरे आकडे घेऊन पुन्हा करायचं, आणि आठवड्याभरानं धरणाचं काय झालं ते बघायचं. उत्तर जुळत नाही, कारण आवक रोज बदलते. सांगलीत आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा आलेखही असाच: ४० फुटांवर इशारा रेषा, ४५ फुटांवर धोका रेषा. आलेखाचा चढ म्हणजे काय, हे पूर पाहिलेल्या मुलाला वेगळं समजावावं लागत नाही.

मुंबईकरांसाठी २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हे मुलांनीच घनफळावरून काढायचं. मग ६ बाय ८ मीटरच्या वर्गाच्या छपरावर किती पाणी पडलं असतं? ४५,३१२ लिटर. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर, एका खोलीच्या छपरावर.

दोन शाळा, एक सावली

नेट नुसतं माहिती आणण्यासाठी नसतं, ते दोन वर्गांना जोडतंही. यासाठी नकाशावर नंदुरबार आणि कोल्हापूर बघा. दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, ७४.२ अंश पूर्वेच्या आसपास. कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला, नंदुरबार २१.४ च्या जरा आत. इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. तेच आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर करता येतं.

दोन्ही शाळांत एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी करायची. जमीन सपाट हवी, नसेल तर ड्रॉइंग बोर्ड. २१ मार्चच्या सुमाराला दुपारी १२.२० ते १.०० या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, १२.४० च्या आसपास पडते. का? भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची, आपण त्याच्या पश्चिमेला सव्वाआठ अंश, प्रत्येक अंशाला चार मिनिटं. उरलेली सात-आठ मिनिटं पृथ्वीच्या कक्षेच्या आकाराची आणि तिच्या कललेल्या अक्षाची. एवढ्या एका निरीक्षणावर भूगोलाचे सर दोन तास घेऊ शकतात.

कोल्हापुरात सावली सुमारे ३० सेंमी येते, नंदुरबारला ३९. कोन फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर काढायचा, दहावीची मुलं टॅन वापरतील, आठवीची प्रमाणात आकृती काढून कोनमापक लावतील. फरक सुमारे ४.६७ अंश. दोन गावांतलं सरळ अंतर ऑनलाइन नकाशावर मोजा, रस्त्याचं नको: सुमारे ५२० किलोमीटर. ५२० गुणिले ३६०, भागिले ४.६७. चाळीस हजार किलोमीटर.

पण असं सुरेख उत्तर पहिल्या फटक्यात येत नाही. सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीची कड पुसट असते. कडेचा अंदाज एका सेंटिमीटरनं चुकला तर परीघ चार-पाच हजार किलोमीटरनं हलतो. ३६ हजार आलं म्हणून नाराज झालेल्या मुलांना हेच गणित करून दाखवा. एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, 'सर, नकाशातलं अंतर पृथ्वीचा आकार धरूनच काढलेलं असतं ना?' बरोबर आहे. तिला शाबासकी द्या आणि नकाशाशिवाय अंतर कसं काढता येईल, हे तिलाच शोधायला सांगा.

जोडीदार शाळा शिक्षकांच्या ग्रुपवर मिळते. तारीख एकच हवी, २१ मार्चच पाहिजे असं नाही. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो, मात्र आपल्या वाट्याला धड येत नाही: सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं तो वर्षातून दोनदा येतो, एकदा मे महिन्याच्या सुट्टीत आणि एकदा जुलै-ऑगस्टच्या ढगांत.

खिशातली प्रयोगशाळा

फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत अ‍ॅप फोनमधले संवेदक (सेन्सर) वापरतं. एकदा घेतलं की नेट लागत नाही. ध्वनीचा वेग मोजायला दोन फोन पाच मीटरवर ठेवा, दोन्हींवर आवाजानं चालू-बंद होणारं घड्याळ लावा. पहिल्या फोनजवळ टाळी, मग दुसऱ्याजवळ टाळी. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ. उत्तर ०.०२९ सेकंदाच्या जवळपास येतं, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटर. वारा पडलेला असताना करा, आणि किती मोठ्या आवाजाला घड्याळ चालू व्हावं ती मर्यादा जरा वर ठेवा.

फॉरवर्ड तपासण्याचा तास

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत' हे रंगीत चित्र मुलांनी पाहिलेलं असतंच. प्रश्न विचारा: पणत्या आणि फटाके अवकाशातून दिसतील इतका उजेड देतात का? त्यात हिरवे, निळे, लाल पट्टे कसे? खरी गोष्ट अशी, की ते अमेरिकी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून केलेलं चित्र आहे. १९९२ ते २००३ या काळात वाढत गेलेले दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवले आहेत. नासानं २०१२ मध्ये दिवाळीच्या सुमाराचं खरं छायाचित्र देऊन हा खुलासा केला. मुलांनी मूळ स्रोतापर्यंत जायचं, ही यातली खरी कसरत.

एआयच्या उत्तरांनाही हाच नियम. प्रश्नपेढी करायला मी ते वापरतो, पण प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात नेत नाही. अपूर्णांकांत ते आत्मविश्वासानं घसरतं, आणि मराठी संज्ञा स्वतःच घडवतं.

घरच्या अभ्यासाबद्दल थोडक्यात: फोन बऱ्याच घरी एकच असतो आणि तो संध्याकाळी सातनंतर वडिलांबरोबर येतो. म्हणून नेटवरचा अभ्यास सक्तीचा नको. मुलांचे फोटो आणि नंबर उघड ग्रुपवर नकोत.

तास संपल्यावर

दोन दिवसांनी, पडदा न लावता, तोच प्रश्न वेगळ्या आकृतीत विचारा: आता तीन बल्ब, मधल्याजवळ अ‍ॅमीटर. पुन्हा वहीत, पुन्हा कारणासह. 'पहिल्यानं खाल्ला' म्हणणारे हात किती उरले ते मोजा. फारसे कमी झाले नसतील तर ते सिम्युलेशन वाईट होतं असं नाही. बहुधा आपण उत्तर घाईनं सांगून टाकलेलं असतं.

मग टाचणवहीत शेवटी एक ओळ लिहून ठेवा: काय वापरलं, किती मिनिटं, काय फसलं. पुढच्या वर्षी तीच ओळ सर्वांत आधी कामाला येते. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'ध्वनी, दोन फोन. वडाच्या बाजूला ठेवू नयेत. कावळे घड्याळ चालू करतात.'